सगळं डोक्यात आहे

हाताखालच्या रेसिडेंट डॉक्टर पोरांना पेशंटची रोजची नोट लिहायला शिकवण्याचा नाद सोडायचा, असं वॉर्डच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी यंदाही ठरवलं होतं आणि यंदाही त्यांना राहवलं नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! पोरं हुशार, पण कॉम्प्युटरवर कालची नोट उचलायची, आजच्या तारखेखाली चिकटवायची आणि चहाला पळायचं. एका काकांच्या पायाचं प्लास्टर काढून आठवडा झाला, तरी नोटेत ते रोज घट्ट बसलेलं होतं.

त्यात सगळ्यात तल्लख बुलेट. कामाचा झपाटा बघून सोबत्यांनीच ठेवलेलं नाव.

"शिंपीणबाईंचं दुखण्याचं इंजेक्शन का रे बंद केलंस?" राऊंडला मॅडमनी विचारलं. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"ते घेतल्यावर ओठ सुजले त्यांचे. श्वासही लागला. लगेच थांबवलं, मॅडम."

"छान केलंस. लिहिलंयस कुठे?"

"डोक्यात आहे सगळं."

"मग उद्या सुट्टीवर जाताना डोकं इथे ठेवून जा. अरे, तू नसतोस तेव्हा तुझी नोट ड्युटी करते."

पोरं हसली, बुलेटही हसला. आत्ता लिहितो म्हणाला. मॅडमना वाटलं, आपणच दोन ओळी खरडाव्यात. पण दरवेळी आपण लिहून दिलं तर ही पोरं शिकणार कधी? म्हणून त्यांनी हात आवरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा गुडघा ठणकायला लागला. ड्युटीवरच्या रेसिडेंट मुलीने बुलेटची नोट उघडली. रुग्ण आरामात आहे, काहीही तक्रार नाही. सुजलेल्या ओठांचा उल्लेखच नव्हता. बिचारीने नेमकं तेच इंजेक्शन पुन्हा लिहिलं. नर्सने सांगितलं, दुखणं थांबवणारं इंजेक्शन आहे, आणि बाईंनी विश्वासाने हात पुढे केला. सुईकडे बघून त्या काय ओळखणार?

मॅडम धावत पोचल्या तेव्हा बाईंचा घसा सुजून बंद होत आला होता. नळी घातली, मशीन लावलं, आयसीयूत हलवलं. जीव वाचेल की नाही, हे आज कुणी सांगू शकत नव्हतं.

"ओठ सुजल्याचं आईने त्या डॉक्टरांना सांगितलं होतं हो," बाईंची मुलगी एवढंच म्हणत राहिली. मॅडमना तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी बुलेट घरून धापा टाकत आयसीयूत आला. "मॅडम, मला माहीत होतं..."

"तुला माहीत होतं, याचाच तर संताप येतोय मला. माहीत नसतं, तर नशिबाला बोल लावला असता." मॅडमचा आवाज फाटला. "बस इथे. लिही."

तो लिहायला बसला. डोळे पुसत पुसत त्याने सगळं लिहिलं. कुठलं इंजेक्शन, पहिल्यांदा काय झालं, कुणी थांबवलं, आज काय घडलं. मॅडम मागे उभ्या राहून वाचत होत्या. इतकी स्वच्छ नोट त्याने कधी लिहिली नव्हती. त्यांना क्षणभर बरंही वाटलं.

मग त्यांची नजर वर गेली. हाताच्या सवयीने त्याने आधी कालची नोट चिकटवली होती आणि नवं सगळं तिच्याखाली लिहिलं होतं. पहिली ओळ तशीच होती. रुग्ण आरामात आहे, काहीही तक्रार नाही.

काचेपलीकडे बाईंच्या घशात नळी होती. त्या तक्रार करणार तरी कशी?