बिननावाचा वाचक

जिन्यात अमृतच्या चपला वाजल्या तशी संस्कृतीनं छापखान्यातून तपासायला आलेली पानं टेबलावर पालथी घातली.

नगरच्या विधी महाविद्यालयातली ही खोली म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्यापार-कायदा नियतकालिकाचं कार्यालय. अमृत गेल्या वर्षीचा संपादक, ती यंदाची. जुने संपादक आता कुठं आहेत, हे शेवटच्या पानावर छापायची रीत होती. कुणी मुंबईत बँकेच्या कायदा विभागात, कुणी श्रीरामपूरला वकिली करणारी. अमृतच्या नावापुढं अजून काहीच नव्हतं.

“काय, काष्टीची साखर, चहा पाजणार का?”

गेल्या वर्षी याच टेबलावर अमृतच्या आईची तिखटजाळ चटणी खाऊन तिनं बाटलीभर पाणी संपवलं होतं. तेव्हापासून काष्टीच्या, उसाच्या पट्ट्यातल्या या मुलीला हे नाव पडलेलं.

“बस ना दादा. एसटीला गर्दी होती?”

“पाथर्डीपासून उभा. पण आलो.”

तिनं चहा सांगितला आणि पेनाचं टोपण काढून परत लावलं.

नियतकालिकात लेखकाचं नाव झाकून लेख वाचला जाई, आणि कुणी वाचला हे लेखकाला कधीच सांगत नसत. हा नियम अमृतनंच घातलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, काष्टीच्या घरी, गोठ्याशेजारी बसून तिनं असाच एक लेख वाचला होता. डेअरी आणि शेतकरी यांच्यातल्या करारावरचा. भाषा स्वच्छ, मांडणी नेटकी. पण तिनं समासात लिहिलं होतं, ‘ज्यावर भाव ठरतो ते दुधाचं फॅट मोजताना शेतकऱ्यानं समोर असावं, असं करारात कुठंच नाही. मग यंत्राचा आकडा चुकला, हे त्याला कळणार कसं?’ आणि लेख परत पाठवावा, असा शेरा दिला. निर्णय झाल्यावर नियतकालिकाचं काम पाहणाऱ्या सरांनी तिच्यापुढं नावं उघडली. लेख अमृतचा होता. त्याला पुण्यातल्या कंपनीच्या मुलाखतीसाठी एक छापील लेख हवा होता, हे त्यानं स्वतःच तिला सांगितलं होतं.

“मुलाखत झाली?” तिनं विचारलं.

“परवाच. पहिलाच प्रश्न, छापलेलं काय हाय? म्हटलं, माझ्याच कॉलेजानं परत पाठवलंय.”

“असं सांगितलंस?”

“मग काय खोटं बोलू? हसले सगळे. का परत आला म्हणले. मी फॅटचं सांगितलं. मग बाकीचं राहिलंच बाजूला, त्याच्यावरच बोलत बसलो. लई मजा आली.”

“आणि निकाल?”

“कळवतो म्हणले.”

चहा आला. तिनं पेला त्याच्यापुढं सरकवला.

“दादा, एक लेख ऐनवेळी गळालाय. अंक उद्या छपाईला जाणार. तुझा लेख अजून...”

“नियम कुणी घातला?”

“तू.”

“मग माझ्यासाठीच मोडायला निघालीस व्हय?” तो हसला. “दुरुस्त करतोय. गावातल्या डेअरीवर सकाळी दूध घालायच्या वेळी जाऊन उभा राहिलो, तेव्हा कळलं काय लिहायचं राहिलं हुतं. पुढच्या अंकाला बिननावाचा येईल. तवाबी असाच धुवून काढा.”

तिनं मान हलवली.

जाताना त्यानं पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला.

“आईनं दिलाय. ऊसतोडीला, कोयत्यावर जायची बांधाबांध चाललीय, त्यात केलंय तिनं. म्हणली, ज्यानं माझ्या पोराचं इतकं बारीक वाचलं, त्याला नुसत्या तोंडानं आभार कसं मानायचं. त्या वाचणाऱ्याला पोचव.”

“कुणी वाचलं, ते मला सांगता येणार नाही दादा.”

“मी कुठं इचारलं?”

चपला जिना उतरून गेल्या. संस्कृतीनं पानं सरळ केली. अमृतच्या नावापुढची जागा तशीच रिकामी ठेवावी, असा निरोप तिनं छापखान्यासाठी पेन्सिलीनं लिहिला. मग डबा उघडला.

शेंगदाण्याची चटणी होती. गेल्या वर्षीची लालभडक होती. ही पांढुरकी होती, मिरची नावालाच. तिनं बोटाच्या टोकावर घेऊन चाखली, पाण्याची बाटली जवळ ओढली, आणि न उघडता परत ठेवली.