आतून कडी असलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. जमैकातल्या एका ऊसमळ्यावर, तिथल्या सीडर लाकडाच्या फळ्यांतून मला क्वामिनानं घडवलं. गुलामी सुटली त्याच आठवड्यात. तोवर त्याच्या खोपटाला नुसती चटई लटकायची. मुकादम हवा तेव्हा आत शिरायचा. म्हणून क्वामिनानं मला आतून कडी लावली. बेनिबा, त्याची बायको, उगाचच ती लावायची, काढायची आणि हसायची.

पण खोपट मळ्याचं, जमीन मळ्याची. एके सकाळी मुकादम आला. माणूस तोच, फक्त चाबूक नव्हता.

"बेनिबा, पोरीला उसात का पाठवत नाहीस? राणीसाहेब झालीस की काय?"

"लेटी शाळेत जाते. आम्ही दोघं राबतोय तेवढं पुरे. आम्ही आता मोकळे आहोत."

"मोकळी ना? मग खोपटही मोकळं कर. इथं राहायचं तर सगळ्या घरानं राबायचं."

बेनिबानं मला त्याच्या तोंडावर लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. त्यांनी छप्पर ओढून पाडलं, कोनफळाचे वेल उपटले. क्वामिना तापानं फणफणला होता, तरी त्यानं मला बिजागऱ्यांवरून उतरवलं. "हा माझा आहे," एवढंच तो म्हणाला.

डोंगर चढताना तो कोसळला. मायलेकींनी त्याला माझ्यावर निजवलं आणि ओढत वर नेलं. झाडाखाली, पावसात, त्यानं माझ्यावरच प्राण सोडला.

वर राहणारा म्हातारा सुतार म्हणाला, "पोरी, याच फळ्यांची पेटी करू. मातीत नुसताच कसा ठेवायचा?"

बेनिबा किती तरी वेळ माझ्यावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "नको, काका. त्यानं हा जिवंत माणसांसाठी केलाय. मेलेल्याला कुणाची भीती?"

क्वामिनाला चटईत गुंडाळून पुरलं.

रानातली कंदमुळं संपली. लेटी भुकेनं रडायचीही थांबली, तेव्हा बेनिबा उठली. तिनं पोरीच्या हातात कोयता दिला आणि दोघी त्याच मळ्याकडे उतरल्या. लेटीनं विचारलं, "आई, शाळा?" बेनिबानं तिचा दुसरा हात धरला आणि पुढं चालू लागली.

आता मी झाडाला टेकून उभा आहे. वारा दोन्ही अंगांनी येतो. वाटसरूंनो, मला कुणी चार भिंती द्याल का? त्या बांधणारे हात खाली ऊस तोडताहेत.