दाराजवळची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे; पण मित्रांनो, जुनी म्हणून माझी कीव करू नका. माझ्या अंगावर विरलेल्या जागा दिसतात ना, त्या उंदरांनी कुरतडलेल्या नाहीत. त्या गुडघ्यांनी केल्या आहेत, आणि त्यांचा मला अभिमान आहे.

धाड गावच्या आठवडी बाजारातून, चर्चची झाडलोट पाहणाऱ्या भाऊरावांनी मला निवडलं आणि भरलेल्या जीपमध्ये मांडीवर धरून गावच्या छोट्या चर्चमध्ये आणलं. येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या प्रभुभोजनाच्या मेजापुढे मी अंथरली गेले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेचे मास्तर आणि त्यांच्याच शेतात निंदायला जाणारी बाई माझ्या एकाच पट्ट्यावर गुडघे टेकत. कुणाचा घाम, कुणाची आसवं, सारं मी पोटात ठेवलं. भाऊराव म्हणत, "इथं आलं का सारे एकाच उंचीचे होतात." ते ऐकून मी फुलून जायची.

यंदा मार्थाबाईंनी नवऱ्याच्या आठवणीखातर लाल गालिचा दिला. काठावर सोनेरी दोऱ्यानं त्यांचं नाव. मला उचलून दाराशी टाकलं, लेकुरवाळ्या बायांना बसायला. फार लागलं मला. मेजापुढची जागा माझी होती! मी चांगलीच रुसले.

त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला मार्थाबाई गालिच्याच्या टोकाशी पहाऱ्यालाच उभ्या राहिल्या. "काऊन बे, टाचेचा चिखल दिसून नाही राह्यला तुले? पुसून ये!" माणसं ओशाळून पाय पुसत होती.

माझ्यावर मार्थाबाईंची सून संजीवनी बसली होती, मांडीवर तीन महिन्यांची लेक. जन्मल्यावर ही पोर अठरा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. काचेला कपाळ लावून संजीवनीनं ठरवलं होतं, ही घरी आली की हिला घेऊन मेजापुढे गुडघे टेकायचे. पण सकाळीच सासूनं बजावलं होतं, "पोरीले पुढं आणू नको. नवाकोरा गालिचा ओला करीन ते." आणि लेकीला दुसऱ्याकडे द्यायचा संजीवनीला धीर नव्हता. आताही ती दर घडीला तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास पाहत होती.

एकेक रांग पुढे जाऊन परत आली. संजीवनी जागची हलली नाही. शेवटी पोरीला छातीशी धरून ती तिथंच, चपलांच्या धुळीत, माझ्यावर गुडघ्यांवर आली. पुटपुटली, "देवा, इथूनच घे माझा सलाम."

पाळक अविनाश यांनी ते पाहिलं. भाकरीचं ताट आणि प्याला घेऊन ते गालिचा ओलांडून दाराकडे निघाले.

"पास्टर, मी राह्यली ना अजून!" मार्थाबाई म्हणाल्या.

"मग इकडंच या, मावशी."

ते माझ्यावर गुडघे टेकून बसले. एवढ्या मोठ्या गालिच्यावर मार्थाबाई एकट्याच उरल्या. त्यांनी एकदा काठावरचं नाव पाहिलं, एकदा सुनेची वाकलेली पाठ. मग हळूहळू चालत त्या मागे आल्या.

"सरक वं जराशी. मले जागा दे."

गुडघे कडकड वाजले. त्या सुनेला टेकून बसल्या आणि हात पुढे केले. "पोरगी दे इकडं. दोन्ही हातांनी घे प्रभूची भाकर. चुकलं माह्यं."

संजीवनीनं लेक त्यांच्याकडे दिली आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले; पोरीचा श्वास पाहायलाही उघडले नाहीत.

मित्रांनो, तेव्हा मला माझीच लाज वाटली. मीही मेजापुढची जागा आपल्या मालकीची समजले होते. आज कुणी पुढे नेतो म्हटलं तरी मी जाणार नाही. तुम्ही एवढंच करा: मला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, आणि घडी घालून माळ्यावर टाकू नका. पुढे यायला बिचकणारं कुणीतरी दर रविवारी असतं. त्याच्यासाठी देव दारापर्यंत येतो, हे मी पाहिलं आहे.