टेबलावरचा कॅमेरा

संगणकावरच्या दोन नंबरच्या खिडकीत आधी हात आला, मग अंगठा, आणि अंगठ्यावर चिकटपट्टी होती. त्याने माईकचं बटण दाबलं.

“ताई, अंगठ्याला काय झालं?”

खाली रंगमंचावर त्याची बहीण टेबलाशी बसली होती. नियंत्रण कक्षाच्या काचेकडे तिने मान वर केली नाही.

“कापला. कांदा चिरताना.”

“खोल आहे का?”

“मरत नाही मी त्याने. चौकट बघ, नीट आहे का ते सांग.”

चौकट नीट होती. टेबलाच्या बरोबर वर टांगलेला हा दुसरा कॅमेरा फक्त तिचे हात बघायचा. पहिला समोरून चेहरा, तिसरा दारातून येणारं गिऱ्हाईक, चौथा प्रेक्षक. चारही चित्रं त्याच्या संगणकावर चार खिडक्यांत येत, आणि तो ज्या खिडकीला हिरवी चौकट लावी ते चित्र रंगमंचामागच्या मोठ्या पडद्यावर जाई. मंडळी त्याला ‘चारडोळ्या’ म्हणत. नटांना मागे न वळता पडद्यावर काय चाललंय ते कळावं म्हणून रंगमंचाच्या कडेला, त्यांच्याकडे तोंड करून, एक लहान मॉनिटर ठेवलेला होता.

त्याच्या संगणकावर पाचवीही एक खिडकी होती. तिची माहिती त्याच्याशिवाय कुणाला नव्हती. तिला कुठलाच कॅमेरा जोडलेला नव्हता.

नाटक एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईचं होतं. मध्यावर एक लांब प्रवेश होता. गिऱ्हाईक वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन येतो, ती ते उघडते आणि चिमट्याने एक बारीक स्क्रू जागेवर बसवते. त्या वेळी पडदाभर फक्त हात दिसत. चिमट्याचं टोक जिथं जाईल तिथं संगणकातला प्रोग्रॅम त्याच्यामागे पडद्यावर प्रकाशाची एक रेघ ओढी. सुरुवातीच्या प्रयोगांत ही रेघ सुईमागून दोरा जावा तशी सरळ जायची.

पुढे तिच्यात लाटा दिसू लागल्या. प्रोग्रॅमची खोड असेल असं समजून त्याने केबल बदलली, कॅमेऱ्याची काच पुसली, सगळी मापं पुन्हा लावली. लाटा गेल्या नाहीत. शेवटी एका प्रयोगात त्याने आपल्या खिडकीतली रेघ बंद केली आणि नुसता हात पाहिला.

त्यांची आई शेवटच्या वर्षांत कप अर्धाच भरायला सांगायची. डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितलाय, म्हणायची. कुठल्याही डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नव्हतं. भरलेला कप तिच्या हातातून बशीत सांडायचा. हे दोघा भावंडांना माहीत होतं आणि त्यावर दोघं कधी बोलले नव्हते.

दिग्दर्शिकेने पहिल्याच तालमीत सांगून टाकलं होतं, “या बाईचे हात म्हणजेच नाटक आहे. हात डळमळले तर मी भूमिका दुसरीला देईन. मग रुसायचं नाही.” ती दुसरी मागच्या रांगेत बसून संवाद पाठ करतच असे. शिवाय तिकिटावर आणि बाहेरच्या फलकावर एक वाक्य छापलेलं होतं: पडद्यावर दिसतं ते आत्ता घडतं आहे. ते वाक्यही दिग्दर्शिकेचंच.

त्याने सुरुवातीच्या एका चांगल्या प्रयोगाचं चित्रण पाचव्या खिडकीत आणून ठेवलं. प्रवेश सुरू झाला की हिरवी चौकट दुसऱ्या खिडकीला लागायच्या ऐवजी पाचवीला लागे. टेबलाची समोरची कड उंच असल्यामुळे खुर्च्यांवरून खरे हात दिसत नसत. बहीण जुनी, मुरलेली नटी. तिच्या हालचाली घड्याळ लावून घ्यावं इतक्या वेळेवर. धास्ती एकाच गोष्टीची होती. चित्रणात ती चाकावरची धूळ उडवायला एक फुंकर मारते. ती फुंकर नाटकात लिहिलेली नव्हती. त्या दिवशी सहज मारली गेली होती. पडद्यावर धूळ उडाली आणि समोरच्या चेहऱ्याचे ओठ मिटलेले, असं झालं असतं तर पहिल्या रांगेतल्या शहाण्याने ओळखलं असतं. तसं झालं नाही. प्रत्येक प्रयोगात ती त्याच क्षणी फुंकर मारू लागली. शिस्त आहे ताईची, असं त्याच्या मनात आलं आणि तो निश्चिंत झाला.

आता पट्टी. पहिल्याच प्रवेशात ती गिऱ्हाइकाचा हात हातात घेई. पुढच्या रांगांना पट्टी दिसणार, आणि पुढे पडद्यावर तोच अंगठा कोरा.

तो जिना उतरून खाली आला. गिऱ्हाइकाचं काम करणारा नट विंगेत टाय बांधत होता.

“या चारडोळे. खाली कशी काय स्वारी?”

तो तसाच टेबलाशी जाऊन हळू आवाजात म्हणाला, “त्या प्रवेशापुरती काढ ना पट्टी.”

“आणि रक्त आलं तर? घड्याळात सांडू?”

“कातडीच्या रंगाची लावू. रंगभूषेवाल्यांकडे असेल.”

“घड्याळवालीचा अंगठा कापू नये असं कुठं लिहिलंय?”

“पडद्यावर केवढी दिसेल ती.”

“दिसू दे की. पडदा त्यासाठीच टांगलाय ना?” तिने चिमटा उचलून खोक्यात ठेवला. डाव्या हाताने. “जा वर. दारं उघडतील आता.”

“ताई, मालकीणच जखमी,” नट विंगेतून म्हणाला. “आमच्या घड्याळाचं काही खरं नाही बुवा.”

“तुझ्या घड्याळाचं कधीच खरं नव्हतं. कालही उशिरा आलास,” ती म्हणाली.

दुपारचा प्रयोग होता. प्रेक्षागृह तीन चतुर्थांश भरलं. दिग्दर्शिका नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, वाटेकडेच्या खुर्चीत बसली. पहिला प्रवेश ठीक गेला. बहिणीने गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला तेव्हा पहिल्या कॅमेऱ्यात पट्टी ठसठशीत दिसली.

घड्याळाचा प्रवेश आला. त्याने हिरवी चौकट दुसऱ्या खिडकीला लावली.

पडद्यावर हात आले. चिमटा उचलला गेला आणि टोकामागून रेघ निघाली. ती सरळ नव्हती. वरखाली होत, स्वतःलाच ओलांडत ती स्क्रूपर्यंत गेली आणि तिथं तिचा गुंता झाला. हात एवढा हलत असेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. पाचवी खिडकी सुरू केल्यापासून त्याने दुसरीकडे नीट पाहणंच सोडलं होतं. चिमट्याने स्क्रू धरला आणि सोडला. पुन्हा धरला. तो घरंगळत टेबलाच्या कडेला गेला. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं आणि मध्येच थांबलं.

पहिल्या खिडकीचं बटण त्याच्या बोटाखाली होतं. ते दाबलं की पडद्यावर चेहरा येणार. चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं. शेवटच्या रांगेतल्या दिग्दर्शिकेपासून अजूनही बरंचसं झाकता आलं असतं. त्याने बोट टेकवलं.

दुसऱ्या खिडकीत हात थांबले. मग त्यांच्यामध्ये केसांचा भांग आला, कपाळ आलं आणि डोळे आले. ती वर बघत होती, थेट कॅमेऱ्यात. हे नाटकात नव्हतं, तालमीत कधी झालं नव्हतं. तिने काही खुणावलं नाही. नुसतं पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली.

त्याने बोट बटणावरून काढलं. मग हातच मांडीवर घेतला.

“घाई नाही,” गिऱ्हाईक म्हणाला. हे वाक्यही नाटकात नव्हतं.

“घाई तुम्हाला नसेल. घड्याळाला आहे.”

तिसऱ्या-चौथ्या रांगेत कुणीतरी हसलं. तिने चिमटा खाली ठेवला. रेघ तिथंच थांबली. उजव्या हाताच्या बोटाचं टोक जिभेला लावून ओलं केलं, त्याला स्क्रू चिकटवून घेतला, डाव्या हाताने उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं आणि अंगठ्याच्या पट्टीचा टेका देत तो जागेवर बसवला. याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ चौथ्या खिडकीत प्रेक्षकांतलं कुणी हललं नाही.

तिने आज फुंकर मारली नाही. कडेच्या मॉनिटरवर आज धूळ उडाली नव्हती.

शेवटी टाळ्या झाल्या. रोजच्याएवढ्याच. प्रेक्षक उठून गेले, दिवे लागले. दिग्दर्शिका जिना चढून वर आली आणि दाराशीच उभी राहिली. ती वर क्वचित येई.

“ती रेघ आज वेगळी होती.”

“हो.”

“तू काही बदललंस?”

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. नवं काही करून बघितलं, नाही आवडलं तर उद्या काढतो. वाक्य तयार होतं.

“नाही,” तो म्हणाला. “मी काही बदललं नाही. आज लाइव्ह होतं.”

 तिची नजर त्याच्या संगणकाकडे गेली. खिडक्या तिने बोटाने मोजल्या नाहीत, पण मोजल्या.

“आज,” ती म्हणाली.

“आज.”

“ताईंना हे ठाऊक होतं?”

“मी सांगितलं नव्हतं.”

“मी ते नाही विचारलं.”

 दिग्दर्शिकेने काचेतून खाली पाहिलं. टेबलावरचा दिवा अजून जळत होता.

“स्क्रू बोटाने बसवायचं तुमचं आधी ठरलं होतं?”

“नाही.”

“हं.” तिने ओढणी सारखी केली. “उद्या सकाळी दोघंही या. आधी तू. बाहेरच्या फलकावर माझं नाव आहे रे बाबा, तुझं नाही.” आणि ती उतरून गेली. आवाजात राग होता की नव्हता, हे त्याला जिन्यावरच्या पावलांवरूनही कळलं नाही.

तो खिडक्या बंद करू लागला. चौथी, तिसरी, पहिली. पाचवीतलं चित्रण त्याने पुसून टाकलं. प्रोग्रॅमने नक्की का म्हणून विचारलं, त्याने नक्की म्हणून सांगितलं.

दुसऱ्या खिडकीत बहीण येऊन बसली होती. रंग उतरवायला गेलेली नव्हती. तिने अंगठ्यावरच्या पट्टीचं टोक नखाने उचललं आणि पट्टी सोलून काढली. खाली कातडी दमट, पांढुरकी झाली होती. कापल्याची खूण कुठंच नव्हती. तिने पट्टीची गोळी करून टिचकीने टेबलाखाली उडवली आणि दोन्ही तळवे दिव्याखाली उपडे टेकवले. डावा स्थिर राहिला.

बराच वेळ तो पाहत राहिला. मग त्याने माईकचं बटण दाबलं.

“चहा आणू?”

तिने मान वर केली नाही.

“आण,” ती म्हणाली. “कप अर्धाच भर.”