आपांची साखर

पेरिझातच्या आईने, बुरुलचा आपांनी, त्या हिवाळ्यात तीन महिने मुरंब्याच्या बरणीला हात लावला नाही. जर्दाळूचा मुरंबा नसेल तर तो चहा कसला, असं जन्मभर म्हणत आलेली ही बाई. पण नोव्हेंबरात रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पॉइंट चार निघाली, डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून नुसतं बघितलं, आणि आपांनी त्याच दिवशी सगळ्या बरण्या शेजारीपाजारी वाटून टाकल्या. गोळ्या घड्याळ लावून घेतल्या. कोणाच्या घरी तळलेल्या बोर्सोक-पुऱ्यांची परात पुढे आली की त्या ती शेजारच्याकडे सरकवायच्या. नातेवाईक टोमणे मारायचे, "काय बुरुलचा, दुसरं लग्न ठरलंय वाटतं? एवढी काटकुळी व्हायला लागलीस!" आपा हसून कोरा चहा पुढे ओढायच्या. एकतीस वर्षं बिश्केकच्या शाळेत गणित शिकवलेली बाई, एकदा नियम घातला म्हणजे घातला.

फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा रक्त दिलं. शुक्रवारी दुपारी फोनवर निरोप आला, अहवाल तयार आहे, साइटवर बघा.

"किझिम," त्यांनी लेकीला हाक मारली, "माझ्या फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात गं. तुझ्या मोठ्या पडद्यावर दाखव."

पेरिझात त्या दिवशी घरूनच काम करत होती, लॅपटॉप पुढ्यातच होता. ती ज्या कंपनीत होती त्या कंपनीनेच या प्रयोगशाळेची साइट बनवली होती, आणि साइट नीट चालते की नाही हे तपासणं हे पेरिझातचं काम. हाताने कोण किती वेळा तपासणार? म्हणून तिने एक प्रोग्राम लिहिला होता. तो आपला आपण ब्राउझर उघडायचा, कार्ड नंबर भरायचा, बटणं दाबायचा आणि पडद्यावर हवं तेच उमटलं का ते बघायचा. सकाळच्या तपासणीची खिडकी अजून उघडी होती आणि साइट समोरच होती. तिने तिथेच आपांचा कार्ड नंबर घातला, जन्मसाल घातलं.

आपांचं नाव आलं. आदल्या दिवसाची तारीख आली. खाली लाल अक्षरांत आकडा आला, आठ पॉइंट चार.

आपा पडद्याजवळ वाकल्या. "तेवढीच?"

"तेवढीच."

"एक दशांशसुद्धा उतरली नाही?"

तीन महिने घरात चाललेला उपास पेरिझातने बघितला होता. पण पडदाही समोर होता, आणि तो पडदा बरोबर सांगतो याची खात्री रोज सकाळी तिची तीच करून घेत होती. शेवटी तिच्या तोंडून निघून गेलं, "आपा, खरं सांगा. मधेमधे काही खात होतात का?"

चोरीचा आळ आलेलं वर्गातलं पोर बघेल तसं आपांनी तिच्याकडे बघितलं. आत जाऊन दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी पेरिझातने लॅपटॉपवर पुन्हा बघितलं. आकडा तोच. तिने प्रयोगशाळेला फोन लावला.

"आकडा फोनवर सांगत नाही आम्ही," तिकडची मुलगी म्हणाली. "साइटवर बघा की."

"साइटवर बघूनच फोन करतेय."

"दिसतंय ना मग? झालं तर."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि फळ्या धुंडाळायला लागली. आपण काय शोधतोय हे तिचं तिलाच धड कळत नव्हतं. पिठाच्या डब्यामागे मधाची बाटली निघाली, अर्धी रिकामी. तेवढ्यात आपा दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हा मध कोणी संपवला?" पेरिझातने विचारलं.

"जानेवारीत खोकला कोणाला झाला होता?"

खोकला पेरिझातलाच झाला होता. ती ओशाळली, पण माघार घ्यायच्या ऐवजी आणखी पुढे गेली. "आणि दादाच्या लग्नात, नारिनला? तिथे मी नव्हते का? तुमच्या ताटलीत मधात घोळलेलं चक-चक होतं."

"ताटलीत होतं. ताटलीत वाढतात गं, लग्न आहे म्हटल्यावर!" आपांचा आवाज चढला. "एकतीस वर्षं मी पोरांच्या कॉप्या पकडल्या. आता माझी लेक माझी झडती घेते. आपल्या घरात!"

तासाभरात आपा पिशवी भरून टोकमोकला निघाल्या, धाकट्या बहिणीकडे. जिन्यावरून पेरिझात दोनदा हाक मारून थांबली. तिसऱ्यांदा काय म्हणून हाक मारायची? आपा खोटं बोलत असतील असं तिला वाटत नव्हतं. यंत्र खोटं बोलत असेल असंही वाटत नव्हतं. दोन्ही खरं कसं असेल, ते मात्र काही केल्या जमत नव्हतं.

रविवारी सकाळी नारिनहून भावाचा फोन आला. आपा रागावून गेल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. "मला तो अहवाल तरी पाठव," तो म्हणाला. पेरिझात तेव्हा चुलीपाशी उभी होती, म्हणून तिने लॅपटॉपकडे न जाता हातातल्या फोनवरच साइट उघडली.

सहा पॉइंट नऊ. हिरव्या अक्षरांत.

तिने फोन घेऊन जाऊन लॅपटॉपशेजारी ठेवला आणि लॅपटॉपवर पान पुन्हा उघडलं. आठ पॉइंट चार. नाव तेच, कार्ड तेच, जन्मसाल तेच. एकीकडे हिरवं, एकीकडे लाल. मग तिचं लक्ष तारखेकडे गेलं. फोनवर गुरुवार होता, आपांनी रक्त दिलं तो. लॅपटॉपवर शनिवार होता.

शनिवारी तर आपा टोकमोकला होत्या. मग रक्त दिलं कोणी?

तिने मनातल्या मनात नाही नाही ते जुळवून बघितलं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल. प्रयोगशाळेत दोन सर्व्हर असतील आणि त्यांचं आपसात पटत नसेल. बुरुलचा नावाची दुसरी कोणी बाई असेल, पण तिचा कार्ड नंबरही हाच कसा? दहा वेळा फोन, दहा वेळा लॅपटॉप. दहाही वेळा तेच. तिला वाटलं, झोप झाली नाही म्हणून आपलंच डोकं फिरलंय.

अकराच्या सुमारास वीज गेली. त्या हिवाळ्यात ती जायचीच. फ्रिज घरघरून थांबला, इंटरनेटच्या डबीवरचे दिवे विझले. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू राहिला. हाताला सवय लागली होती म्हणून पेरिझातने पुन्हा बटण दाबलं.

पान उघडलं. आठ पॉइंट चार.

ती त्या विझलेल्या डबीकडे बघत राहिली. बाहेरच्या जगाशी जोडलेला धागाच तुटलाय, तर हे उत्तर आलं कुठून?

ते तिच्याच घरातून आलं होतं. प्रयोगशाळेचा सर्व्हर भारी मंद. कधी चालू, कधी बंद. त्याच्या भरवशावर तपासण्या करायच्या तर दिवस जायचा. म्हणून नोव्हेंबरात त्याने दिलेली खरी उत्तरं पेरिझातने एकदाच रेकॉर्ड करून ठेवली होती. तपासणीच्या खिडकीतून ब्राउझरने काही विचारलं की तो प्रश्न सर्व्हरपर्यंत जायचाच नाही. रेकॉर्ड केलेलं उत्तर वाजवलं जायचं, आणि ब्राउझर ते बिनतक्रार खरं मानायचा. शुक्रवारी आईला दाखवताना तिने वापरली ती हीच खिडकी. आणि रेकॉर्डिंग कोणाच्या कार्डाचं? प्रयोगशाळेने चाचणीसाठी दिलेलं कार्ड कोरं निघालं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर पडलेलं आपांचं कार्ड तिने स्वतःच उचललं होतं. दोन मिनिटांचं काम म्हणून. नंतर ती ते साफ विसरली.

पण तारीख? नोव्हेंबरची तारीख दिसली असती तर ती तिथल्या तिथे सावध झाली असती. तिने सहकाऱ्याला, वादिम त्सोयला फोन लावला.

"तारीख ना? ती मी घातली," वादिम काहीतरी चघळत म्हणाला. "डिसेंबरात तू भावाच्या लग्नाला गेली होतीस तेव्हा. महिन्याहून जुना अहवाल साइट दाखवत नाही, त्यामुळे रोज सकाळी सगळ्या टेस्ट आपटायच्या. मग टाकली एक ओळ. उत्तर कुठलंही असो, तारीख कालची दाखव."

"मला सांगितलं नाहीस?"

"सगळ्या टेस्ट पास, हिरव्या झाल्या की तू कधी विचारतेस? का गं, काय झालं?"

"काही नाही. आईला चोर ठरवलं."

वादिमचं चघळणं थांबलं. "कोणी?"

पेरिझातने फोन ठेवला आणि कोट चढवला.

टोकमोकला मावशीने, सोनून तायएजेने, दार उघडलं आणि आत तोंड करून ओरडली, "बुरुलचा, पोलीस आले गं! डबे लपव!"

आपा ओट्यापाशी कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पेरिझात कोट न काढताच उभ्या उभ्या बोलत सुटली. रेकॉर्डिंग, सर्व्हर, उघडी राहिलेली खिडकी, वादिमची ओळ. घाईत सगळं उलटसुलट झालं. तायएजेने कपाळाला हात लावला. "थांब, थांब. म्हणजे कम्प्युटरला माहीत नव्हतं तरी त्याने सांगितलं?"

"माहीत होतं, तायएजे, पण जुनं. जुनं उत्तर त्याने नव्या तारखेने दिलं."

"आणि ते तू शिकवलंस त्याला?"

"मी... अर्धं मी. अर्धं वादिमने."

आपांचे हात थांबले होते. "दोन पोरांचे पेपर दशांशापर्यंत सारखे आले," त्या सावकाश म्हणाल्या, "की मी आधी दोघांना उभं करायची. तू मला एकटीलाच उभं केलंस, पडद्याला नाही."

"चुकले, आपा. तुमची साखर सहा पॉइंट नऊ आहे. फोनवर बघा."

आपांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. "परवा पडदा म्हणाला आठ. आज पडदा म्हणतो सहा. उद्या काय म्हणेल? मला शिक्क्याचा कागद आणून दे." मग कणीक उलटी करत, जरा खालच्या आवाजात, "आणि नारिनला एक तुकडा खाल्ला होता मी. एकच. विहीणबाईंनी तोंडात कोंबला."

तायएजे खो खो हसायला लागली. आळ खोटा होता म्हणून पेरिझात माफी मागायला आली होती, आणि आता तो एका तुकड्यापुरता खराच निघत होता. तिने कोट काढला आणि कांदे चिरायला घेतले.

सोमवारी तिने प्रयोगशाळेच्या खिडकीवरून शिक्क्याचा कागद आणला. सहा पॉइंट नऊ. ऑफिसात जाऊन जुनं रेकॉर्डिंग पुसलं, आणि जगात कुठेच नसलेल्या माणसाच्या नावाने नवी उत्तरं स्वतः लिहून काढली. वादिमने निमूटपणे तपासणीच्या खिडकीवर मोठी पिवळी पट्टी लावली, 'हे खरं नाही' अशी. त्या दिवशी दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलले.

आपा बुधवारी परतल्या आणि कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे निघाल्या. जाताना लेकीला म्हणाल्या, "तूही चल."

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि पहिल्यांदाच चष्मा काढून हसल्या. "शाबास! आणखी तीन महिने असंच चालू द्या. पथ्य कसं सांभाळलंत? काय काय खात होतात?"

"हिला विचारा," आपा लेकीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "मी काय खाते ते माझ्यापेक्षा हिला जास्त माहीत असतं."

डॉक्टरीणबाई लेखणी उघडून पेरिझातकडे बघायला लागल्या. पेरिझातने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो टोमणा होता, की तिला पुन्हा जवळ घेणं होतं, ते तिला ओळखता येईना. मग ती आठवून आठवून सांगायला लागली. सकाळी ओट्सची लापशी, दुपारी सूप, चहा कोरा. आपा शेजारी बसून ऐकत होत्या, आणि चुकलं तिथे दुरुस्त करत होत्या.