वेदीची पाचर

"बाळ, आत्ता विचारू नये, पण ती पाचर कशी निघते गं?" कमिटीचे सेक्रेटरी तिच्या कानाशी कुजबुजले.

समोर शवपेटीत बाबा होते. पेटीपलीकडे त्यांनीच घडवलेली सागवानी वेदी.

"प्रार्थना तरी होऊ द्या, काका."

"होऊ दे की! पण नंतर इथे लग्नाचं जेवण आहे. टेबलं लावायचीत. माझ्याही जिवाला घोर आहे ना."

नवे फादर आले आणि चर्चचा हॉल झाला. रविवारी उपासना, एरवी शिकवण्या, सभा, समारंभ. बाबांचे बाक मोडीत गेले, घडीच्या खुर्च्या आल्या. मग वेदीचीही अडचण व्हायला लागली. तिला चाकं हवीत असं ठरलं. परक्याचा हात लागण्यापेक्षा बाबांनी चाकं स्वतःच बसवली. शिवाय आतून अशी पाचर ठोकली, की ती काढल्याशिवाय वेदी तसूभर हलू नये. काढायची कशी, ते कुणाला सांगितलं नाही. दर खेपेला घरी निरोप यायचा. चार पावलांत धापा टाकणारा माणूस इस्त्रीचा शर्ट चढवून हातोडी घेऊन निघायचा.

"माझ्यावाचून अडतंय त्यांचं."

"अडवून ठेवलंत, म्हणून अडतंय," आई म्हणायची.

शेवटी शेवटी बॅटरी धरायला तीच जायची. डावी फळी वर उचलायची, खालून हलकासा एक घाव. बस्स.

"तुला ठाऊक असणार," सेक्रेटरी पुन्हा म्हणाले.

"बाबांनाच विचारा."

त्यांनी नकळत पेटीकडे पाहिलं आणि ओशाळून मागे सरले. प्रार्थना होईपर्यंत वेदी बाबांच्या उशाशी राहिली.

माती देऊन झाल्यावर आईचा विसरलेला चष्मा घ्यायला ती परतली. टेबलांवर पांढऱ्या चादरी पडल्या होत्या. वेदी भिंतीला लावलेली, तिच्यावर ताटल्यांची चळत. डावी फळी करवतीने कापून काढलेली.

"काय करणार, बाळ! दुसरा सुतार बोलावला. रविवारपर्यंत प्लायवूड ठोकतो. कळणारही नाही."

फरशीवर भुसा सांडला होता. बाबांच्या शर्टांना यायचा तोच वास. काम कुणाचंही असो, भुसा झाडल्याशिवाय ते जागा सोडत नसत.

"झाडू कुठाय, काका?"

"अगं, राहू दे. बाई येईल झाडायला."

दाराआडचा झाडू तिनेच शोधला. पदर खोचला आणि चाकांपासून झाडायला सुरुवात केली.