आवक टेबलावरचा स्वेटर

खोब्रागडे मॅडमच्या खुर्चीवरच्या स्वेटरने मंगळवारी सकाळी एकवीस पत्रांना आवक क्रमांक टाकले, आणि त्याचं अक्षर मॅडमपेक्षा चांगलं निघालं.

मॅडम तेव्हा जागेवर नव्हत्या. म्हणजे होत्या, पण रस्त्याच्या कोपऱ्यावर भाजीवालीकडे मेथीच्या जुड्या निवडत होत्या. त्या ऑफिसात खुर्चीवर काहीतरी ठेवल्याशिवाय कुणी उठत नसे. कुणाचं हेल्मेट, कुणाचा रुमाल. मॅडमचा मरून स्वेटर. कुणी विचारलं, की शिपाई पेंदाम सांगायचा, "जागेवर आहेत जी, आत्ताच उठल्या." भर मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत, स्वेटर खुर्चीच्या पाठीवर बाह्या टाकून बसलेला असायचा आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नसे.

मॅडम परतल्या तेव्हा स्वेटर पेनला टोपण लावत होता. त्याच्यासमोर अर्धा प्यालेला चहा होता.

"त्याला चहा कुणी दिला?" मॅडमने विचारलं.

"जागेवर जो असंल त्याला देतो मी," पेंदाम म्हणाला.

मॅडमने कप उचलून वास घेतला. चहात आलं होतं. इतक्या वर्षांत मॅडमच्या चहात कुणी आलं घातलं नव्हतं. बाकी सगळं त्या एक वेळ विसरल्याही असत्या, पण ते आलं त्यांच्या जिवाला झोंबलं ते झोंबलंच.

त्यात शुक्रवारी पन्नाशी ओलांडलेल्यांची छाननी होती. समिती येणार, कोण जागेवर आहे ते बघणार आणि आवक टेबलावर एक माणूस ठेवणार. एकच. बाकीच्यांना घरी. मॅडमला पन्नास वर्षं दोन महिने झाले होते. स्वेटर अकरा वर्षांचा होता.

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमधला पंखा बंद होईपर्यंत कुणी उठायचं नाही, काम असो नसो, असा तिथला रिवाज. त्या दिवशी मॅडम शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि जांभया गिळत राहिल्या. स्वेटर ताठ. टेकाडे साहेबांनी दारातून डोकावून पाहिलं.

"शिका जरा याच्याकडून, खोब्रागडे. एक जांभई नाही."

"सर, तो लोकरीचा आहे."

"कारणं नकोत."

मॅडमने स्वेटर घरी नेला, घडी घालून लोखंडी कपाटात कोंबला, किल्ली ब्लाउजमध्ये ठेवली. बुधवारी सकाळी कपाट बंद होतं आणि आत स्वेटर नव्हता.

"मितू, स्वेटर कुठाय?"

मितू त्यांची लेक, नववीतली. आरशासमोर उभी राहून ती वक्तृत्व स्पर्धेचं भाषण म्हणत होती. भाषण न थांबवता मधल्या श्वासात ती म्हणाली, "गेला की ऑफिसला. डबा दिला मी त्याला."

"माझा डबा?"

"तो वेळेवर तयार होता गं. तू किल्ली शोधत बसलीस. आणि आज तीन पोळ्या दिल्यात, त्याला दोन पुरत नाहीत."

"मला कधी विचारलंस, दोन पुरतात का म्हणून?"

मितूने खरोखर विचार केला. "तू सांगतेस कुठे? तो सांगतो."

ऑफिसच्या दारातल्या हजेरीच्या यंत्राने मॅडमच्या अंगठ्याला तीनदा सांगितलं, "पुन्हा प्रयत्न करा." स्वेटरची हजेरी नऊ एकेचाळीसलाच लागली होती.

"अंगठा झिजला जी तुमचा," पेंदाम म्हणाला. "त्याच्या बाहीची वीण पाहा, कशी उठून दिसते."

गुरुवारी स्टूलही नव्हतं. मॅडम टेबलासमोर उभ्या राहिल्या. "ऊठ," त्या म्हणाल्या. स्वेटरने एक बाही उचलून भिंतीवरच्या पाटीकडे दाखवलं: अभ्यागतांनी बाकावर बसावे.

पण मॅडमही काही कालच्या नव्हत्या. ज्या कागदावर आवक क्रमांक नाही, ती गोष्ट जगात घडलेलीच नाही, हे त्यांच्याइतकं कोण जाणत होतं? बाकावर बसून त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. विषय, आवक टेबलावरील खुर्ची परत मिळणेबाबत. लिहिताना त्यांनी आपला अ अगदी स्वेटरच्या अ सारखा गोल काढला आणि स्वतःचाच राग आला तरी तसाच ठेवला. मग अर्ज टेबलावर नेऊन दिला.

स्वेटरने अर्ज नीट वाचला. क्रमांक टाकला, तारीख घातली, शिक्का मारला. मॅडमने तिथेच पाठ फिरवली असती तर निभावलं असतं. पण सव्वीस वर्षं खिडकीवर अर्जदारांकडून जे ऐकलं, तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"पोच द्या."

स्वेटरने पोच दिली. तिच्यावर आवक लिपिक म्हणून स्वेटरची सही होती, अर्जदार म्हणून मॅडमचं नाव.

"काय केलं मॅडम हे?" पेंदाम हळूच म्हणाला. "पोच घेतली म्हणजे लिपिक तोच, हे तुम्हीच मान्य केलं ना."

"सवयीनं मागितली मी."

"सवयीनं कोणी मागत नाही जी. ज्याच्या हाती काही लागत नाही, तोच पोच मागते."

शुक्रवारी समिती आली. तिघं जण होते. त्यांनी टेबलासमोर उभं राहून विचारलं, "जागेवर कोण?"

स्वेटरने दोन्ही बाह्या वर केल्या.

"एक पुरे," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले.

"मी आहे," बाकावरून उठत मॅडम म्हणाल्या.

"आपला अर्ज आवक झालेला आहे, ताई. पंचेचाळीस दिवसांत कळवू."

ताई. इतक्या वर्षांत या इमारतीत त्यांना कुणी ताई म्हटलं नव्हतं. बाकावर बसून त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. तिच्या पाठीला एकदा पाठ टेकायला मिळावी, एकदाच, मग काय व्हायचं ते होवो, असं त्यांना वाटलं, आणि वाटलं ते इतकं जोरात की स्वेटरने लिहिता लिहिता वर पाहिलं.

अडीच वाजता खिडकीशी मितू आली. गणवेश कडक, वेण्या घट्ट. "तीनला माझी अंतिम फेरी. घरचं कुणीतरी हवं, बाईंनी सांगितलंय. कोण येतंय?"

"मला जागा सोडता येत नाही, बेटा," मॅडम बाकावरून म्हणाल्या.

स्वेटरने टोपण लावलं. चार दिवसांत ऑफिसच्या वेळेत तो पहिल्यांदा उठला. बाकाशी येऊन त्याने मॅडमना बगलेत हात घालून अलगद उचललं आणि खुर्चीपाशी आणलं. मॅडमने नको म्हटलं नाही. त्याने त्यांना खुर्चीच्या पाठीवर टाकलं, एक हात इकडे, एक हात तिकडे. चुणी पडू नये म्हणून खांद्याशी जरा ओढून सारखं केलं. त्या फार हलक्या झाल्या होत्या. खुर्चीची पाठ अजून उबदार होती.

पेंदामने त्यांच्यासमोर चहा आणून ठेवला. मॅडमचे हात कपापर्यंत पोचेनात.

खिडकीतून फाटक दिसत होतं. मॅडमची स्कूटी फाटकातून बाहेर पडली. मितू मागे बसली होती, स्वेटरच्या पाठीवर गाल टेकून, मोठमोठ्याने भाषण म्हणत. वळण आलं तसं तिने दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घट्ट केले, आणि स्वेटरने उजवी बाही बाहेर काढली.